दंड सेफ, नाकाचं काय?

जानेवारी २०२२. माझे लसीचे दोन्ही डोस झालेले, सर्टिफिकेट मोबाइलमध्ये सेव्ह. ऑफिसात एकाच्या ‘साध्या सर्दी’नंतर अख्खी टीम पॉझिटिव्ह निघाली. मला दोन दिवस कणकण, बास. पण तो प्रसाद माझ्याकडून आजीला मिळाला आणि तिने आठ दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. ‘अगं, तू तर लस घेतली होतीस ना?’ या तिच्या प्रश्नावर मी गप्प.

उत्तर आहे नाकात! दंडावर टोचलेली लस रक्तात आयजीजी जातीच्या अँटीबॉडीज तयार करते. फुफ्फुसं वाचवायला त्या झकास. पण विषाणू शिरतो नाका-घशातून आणि तिथल्या ओल्या अस्तरावर पहारा असतो आयजीए नावाच्या वेगळ्या अँटीबॉडीजचा. त्या इंजेक्शनने फारशा तयार होत नाहीत. म्हणजे तिजोरीला सात कुलपं आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमनच नाही! आपण टुणटुणीत, पण विषाणू पुढच्याकडे रवाना.

यातलं सगळ्यात भारी उदाहरण पोलिओचं. इस्रायलने २००५ पासून तोंडावाटे द्यायचे थेंब बंद करून फक्त इंजेक्शन ठेवलं. २०१३ मध्ये तिथल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. लकवा एकाही मुलाला नाही, पण आतड्यांतून विषाणूचा प्रवास मात्र आरामात चालू! ऑगस्टमध्ये पुन्हा थेंब पाजायला काढले. (थेंबांतला जिवंत विषाणू क्वचित स्वतःच पोलिओ घडवतो, इंजेक्शनमध्ये ती भीती नाही. फुकट काहीच मिळत नाही, मंडळी.)

मग नाकातूनच लस का नाही? आहे की! २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. मी तेव्हा शाळेत, तोंडाला बाबांचा रुमाल आणि सुट्टी मिळाली म्हणून खूश. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची ‘नॅसोव्हॅक’ आणली. कोविडसाठी भारत बायोटेकची ‘इन्कोव्हॅक’ २६ जानेवारी २०२३ ला आली. प्रत्येक नाकपुडीत चार थेंब, सुई नाही. तोवर माझा कोविडमधला इंटरेस्टच संपला होता, खरं सांगते.

घोळ असा की, बाहेरचं काहीही आलं की हुसकावणं हेच नाकाचं काम. लसही त्यातच आली. अमेरिकेत २००३ पासून असलेली ‘फ्लूमिस्ट’ इतकी कमी पडली की २०१६ पासून सलग दोन सीझन तज्ज्ञांनी ‘वापरू नका’ म्हटलं. नंतर ती परतली आणि २०२४ मध्ये घरच्या घरी घ्यायलाही परवानगी मिळाली.

हे सगळं आजीला सांगितलं. ‘थेंब चालतील गं,’ ती म्हणाली, ‘पण तू शिंकत घरी येऊ नकोस.’