नेट नेमकं कुठे अडलं?

घरात कॉम्प्युटर दोन आणि इंटरनेटचं कनेक्शन एकच. ताईच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ मस्त चालू आहे. तुमच्या पडद्यावर मात्र ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतच राहिलंय! आता काय कराल? वायर हलवाल? राउटर बंद करून पुन्हा चालू कराल? की ताईशी भांडाल?

जरा थांबा. ताईचं नेट चालू आहे ना? मग पहिला पुरावा हातात आलाच! बाहेरून घरात येणारी लाइन ठीक आहे आणि राउटरही जागा आहे. म्हणजे बिघाड राउटरपासून तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत कुठेतरी असणार. एका निरीक्षणात केवढं मोठं जग तपासातून बाद झालं, बघा!

पण एका कनेक्शनवर दोन कॉम्प्युटर चालतात तरी कसे? इंटरनेटवर प्रत्येकाला आकड्यांचा पत्ता लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी. जगात माणसंच ८०० कोटींहून जास्त, मग पत्ते पुरणार कसे? म्हणून एक युक्ती निघाली. बाहेरच्या जगासाठी अख्ख्या घराला एकच पत्ता आणि घरातल्या घरात वापरायला खासगी पत्ते. हे खासगी पत्ते बहुतेक वेळा १९२.१६८ असे सुरू होतात.

जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असायची, पण पत्ता एकच. कुणाचं पत्र कुठल्या खोलीत द्यायचं, ते दारावरच्या आजोबांना पाठ असायचं. राउटर हेच काम करतो. तुम्ही एखादं पान मागवलंत की तो त्या मागणीला एक क्रमांक देतो आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो. उत्तर त्याच क्रमांकावर परत येतं आणि बरोबर तुमच्याकडे पोचतं. म्हणूनच ताईचा व्हिडिओ चुकून तुमच्या पडद्यावर येत नाही!

१९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत कनेक्शन वाटून घेण्याची सोय आली, तेव्हा घरोघरी राउटर नव्हते. नेट जोडलेला एक कॉम्प्युटरच राउटरचं काम करायचा. तो बंद केला की दुसऱ्याचंही नेट गेलंच! आज मोबाइलचा हॉटस्पॉट असंच काम करतो.

चला, आता तपासाला लागू. आधी डोळे वापरा. कॉम्प्युटर वायरने जोडला असेल तर ती जिथे खोचली आहे, तिथे बहुधा एक बारीक दिवा असतो. तो लुकलुकतोय का? नसेल तर वायर काढून पुन्हा खोचा, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. वायरचं पारदर्शक टोक नीट निरखा. आत आठ बारीक तारा दिसतील. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढरट जोडीदारीण. वायरच्या आत या जोड्यांना पीळ दिलेला असतो. आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांचा त्रास त्यामुळे दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच होतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा करून टाकता येतो. साधा पीळ, पण काम केवढं!

दिवा चालू आहे? मग हाक मारायची. त्यासाठी ‘पिंग’ नावाचा छोटासा प्रोग्राम आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी तो एकाच संध्याकाळी लिहिला. पाणबुडीचं सोनार आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं. पिंगही तसाच माहितीचा एक तुकडा पाठवतो आणि उत्तर किती वेळात आलं, ते मोजतो.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडा, इंग्रजीत पिंग लिहा, एक जागा सोडा आणि पत्ता द्या. पहिली हाक स्वतःलाच, पत्ता १२७.०.०.१. ही हाक कॉम्प्युटरच्या बाहेर पडतच नाही. उत्तर आलं, तर आतली यंत्रणा शाबूत आहे.

आता तिथेच इंग्रजीत आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहा, म्हणजे तुमचा स्वतःचा पत्ता दिसेल. तो १६९.२५४ असा सुरू होतोय? सापडला चोर! राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच एक पत्ता घेतलाय. नेट पुन्हा जोडलं की बहुधा काम होतं. पत्ता ठीक असेल, तर तो ताईच्या पत्त्यापेक्षा वेगळा आहे ना, तेही बघा. दोघांना एकच पत्ता दिला गेला, तर उत्तरांचा गोंधळ उडणारच.

दुसरी हाक राउटरला. त्याचा पत्ता त्याच यादीत ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीसमोर असतो. तिसरी हाक घराबाहेर, ८.८.८.८ ला. हा गूगलचा पत्ता आहे. उत्तराशेजारी मिलिसेकंद दिसतील, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी लवायला १०० ते ४०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात तुमची हाक घराबाहेर जाऊन परतसुद्धा येते!

चौथी हाक नावाने मारा, उदाहरणार्थ मराठी विकिपीडियाला. आकड्याला उत्तर येतं, पण नावाला येत नाही? मग रस्ता मोकळा आहे, फक्त नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस ही सोय अडली आहे. तिची सेटिंग तुमच्या कॉम्प्युटरवर वेगळी असू शकते, म्हणून ताईचं नेट चालतं आणि तुमचं नाही.

युक्ती लक्षात आली? जिथून शेवटचं उत्तर आलं आणि जिथून पहिल्यांदा आलं नाही, त्या दोघांच्या मधोमध बिघाड लपलेला असतो. दुरुस्त करतानाही एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा हाक मारा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर नेट चालू होईलही, पण कशामुळे झालं, ते कधीच कळणार नाही. राउटरच्या सेटिंगला हात लावण्याआधी मात्र घरातल्या मोठ्यांना विचारा.

आणि हो, हे सगळं नेट बंद पडल्यावरच करायचं असं थोडंच आहे? आजच, सगळं छान चालू असताना, चारही हाका मारा. तुमचा पत्ता, राउटरचा पत्ता आणि मिलिसेकंदांचे आकडे वहीत लिहून ठेवा. चांगल्या दिवसाचे आकडे जवळ असले, की वाईट दिवशी नेमकं काय बदललं, ते झटकन ओळखता येतं.