मुठीत कोंडलेली अँटेना

हैदराबादच्या जामबागेचे नाव निघाले, की मराठी माणसास १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी आठवते. तेथून जवळच कोठी भागात इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा बाजार आहे. ट्रान्झिस्टरच्या काळी अशा बाजारात अँटेना म्हणजे ओढून लांब करावयाची चकचकीत दांडी असे. आज ती मोबाईलच्या कडेत दडलेली पातळ पट्टी झाली आहे. जी वस्तू नजरेआड झाली, तिची विचारपूसही थांबली, ही चिंतेची गोष्ट आहे.

यंत्र आखडले, तरी लहर आखडत नाही. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते. तिला तिच्या चौथाईइतकी, म्हणजे जवळजवळ ११ सेंटिमीटरची अँटेना सोयीची. ३३०० मेगाहर्ट्‌झला सव्वादोन सेंटिमीटर पुरतात. ही दोन्ही टोके एकाच चिमुकल्या यंत्राने सांभाळावयाची, आणि तीही अनेक अँटेना शेजारीशेजारी बसवून! त्या परस्परांपासून अर्ध्या लहरीइतक्या दूर असाव्यात, अन्यथा एकीची शक्ती दुसरी खाते. पण खिशात तेवढी जागा आणावयाची कोठून? आकार लहान केला, की वारंवारतेचा पट्टा अरुंद होतो. तो रुंद करू जावे, तर शक्ती वाया जाण्याची भीती. या सौद्याची मर्यादा चू या शास्त्रज्ञाने १९४८ सालीच गणिताने दाखविली.

पट्टी दुमडून, तीत खाचा पाडून अभियंत्यांनी या मर्यादेशी झुंज दिली आहे. रुंद पट्ट्याच्या सपाट अँटेनांवरील गिरीश कुमार व के. पी. रे यांचा ग्रंथ २००३ साली पवईच्याच परिसरातील संशोधनातून जगापुढे आला. परंतु प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली अँटेना मुठीत धरताच मंदावते. हाताचे मांस लहरी शोषते आणि तिचा सूरही बिघडविते.

फोनमुळे शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींवर १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे किलोग्रॅममागे १.६ वॅट ही मर्यादा आहे. ते योग्यच झाले. मग हातात धरलेला फोन क्षीण संदेश कितपत पकडतो, याचा आकडाही खोक्यावर छापावयास काय हरकत आहे? शहरात मनोऱ्यांच्या गर्दीत हा दोष झाकला जातो. घाटाच्या कुशीतील वाडीत, सर्पदंश झालेल्या मुलासाठी गाडी बोलावू पाहणाऱ्या बापास मात्र कॅमेऱ्याच्या बढाईचा काही उपयोग नसतो. त्याला हवा असतो पलीकडून येणारा आवाज.