पाहुण्यांना दशावतार कोठे दाखवावा?

नाताळच्या सुट्टीत थोरले बंधू सांगलीहून सहकुटुंब कणकवलीस येणार असे ठरले, तेव्हा त्यांनी एकच मागणी केली : "या खेपेस खरा दशावतार दाखव." ‘खरा’ या शब्दावरचा भर मला कळला. मागील खेपेस मुलांची सोय पाहून मी किनाऱ्यावरील एका हॉटेलात जेवणासोबत होणारा पाऊण तासाचा प्रयोग निवडला होता. गणपती नाचून गेला, संकासुराने दोन विनोद केले, एक युद्ध झाले आणि संपले. शेजारच्या टेबलांवर तळलेले मासे येत होते. वहिनींचा चौविहार, त्या वासाने उठून बाहेर जाऊन बसल्या. त्यांना ना जेवण मिळाले, ना नाटक.

हवाई बेटांवर जाणाऱ्यांनाही कोणत्या ‘लुआऊ’ला जावे हे असेच ठरवावे लागते. हा तेथील सामुदायिक भोज. अळूच्या कोवळ्या पानांवरून त्याला हे नाव पडले. परंतु जमिनीतील भट्टीत भाजलेले डुक्कर हा त्यातील मुख्य पदार्थ, म्हणजे आपल्या कुटुंबाने तेथे जावे की नाही हाच पहिला प्रश्न. दशावताराची गोष्ट वेगळी. खेळ आणि भोजन यांची गाठ येथे परंपरेने घातलेली नाही, ती हॉटेलांनी घातली आहे.

म्हणून या वेळी गावच्या जत्रेस जायचे ठरविले. कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावी जत्रा सुरू होतात. त्या तिथीनुसार असल्यामुळे सुट्टी आधी ठरवून जत्रा शोधू नये. जत्रा पाहून सुट्टी ठरवावी. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर ही मंडळे येथे घरोघरी ठाऊक आहेत. मात्र नावापेक्षा पालखी केव्हा निघते हे विचारणे अधिक उपयोगाचे. देवळाभोवती पालखीची प्रदक्षिणा झाल्यावरच खेळ उभा राहतो, आणि तोवर बहुधा मध्यरात्र होते.

प्रारंभी आडदशावतार : गणपती, सरस्वती, संकासुर इत्यादी. त्यानंतर पुराणातील आख्यान. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. लिखित संहिता नसते. कथानक आधी ठरते, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. एकाने टाकलेला शब्द दुसरा उचलतो, वाद चढत जातो, आणि यास अवधी लागतो. पाऊण तासात नेमके हेच हरवते. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, याचा अभिमान बाळगणारे आमचे बंधू त्या रात्री दोन तास एक शब्द बोलले नाहीत.

भोजन आम्ही घरीच सूर्यास्तापूर्वी उरकले होते. जत्रेतील खाजे मुलांना आवडते, परंतु त्यावरील गुळात आले असते. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मला चिंता होती ती वहिनींची. वय सत्तर, आणि नवकारशीपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. मध्यरात्री परत नेण्यासाठी मी गाडी सांगून ठेवली होती. एक वाजता विचारले, तर म्हणाल्या, "भाऊजी, राणीला वनात धाडली आहे. ती परत आल्याशिवाय कशी उठू?"

त्या राणीचे सोंग घेतलेला नट मी आवाजावरून ओळखला. शाखेत असताना अशा नटांची खाती माझ्या नजरेखालून जात. रात्रीच्या मानधनास येथे ‘नाईट’ म्हणतात. हिवाळ्यात त्या नाईटचे पैसे थोडे थोडे जमा होत, आषाढात खाते कोरडे पडे. नियमित उत्पन्न नाही, असा शेरा मारून मी याचेच कर्जाचे प्रकरण परत पाठविले होते. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. तरीही पहाटे दहिकाला होईपर्यंत तो शेरा माझ्या मनातून गेला नाही.

उजाडल्यावर आम्ही देवळाच्या पायरीवर नवकारशीची वाट पाहत बसलो होतो. अर्धा रंग पुसलेला तो नट चहाचा पेला घेऊन आला. "साहेब, माका वळाखलात काय?" मी होय म्हटले. कर्जाचा विषय त्याने काढला नाही. खेळ कसा झाला, एवढेच विचारले. मी काही बोलण्यापूर्वीच वहिनी त्याला सांगू लागल्या की, वनात राणी मुलाला निजवते तेथे गळा भरून आला. त्याने त्यांना पाणी आणू का म्हणून विचारले. वहिनींनी सूर्याकडे बोट केले आणि अजून अर्धा तास आहे असे सांगितले. तेव्हा तोही पायरीवर बसला आणि पुढील जत्रा कोणत्या गावी आहे ते त्यांना सांगू लागला.