५ ऑगस्ट : रोममध्ये छतातून पडणारा 'बर्फ'

भर उन्हाळ्यात रोममध्ये बर्फ! आज ५ ऑगस्ट, सांता मारिया माज्जोरे या बॅसिलिकाच्या समर्पणाचा सण. संताचा नाही, चक्क वास्तूचा वाढदिवस म्हणा ना.

कथा चौथ्या शतकातली. एका निपुत्रिक श्रीमंत जोडप्याला स्वप्नात मारियामातेनं सांगितलं, बर्फ पडेल तिथे माझं देऊळ बांधा. सकाळी एस्क्विलिन टेकडी पांढरीशुभ्र! पोप लिबेरियस यांनी त्या बर्फावरच चर्चचा आराखडा रेखला म्हणे. ही झाली दंतकथा. आजची वास्तू पोप सिक्स्टस तिसरे (४३२ ते ४४०) यांच्या काळातली. ४३१ च्या एफेसस इथल्या धर्मपरिषदेनं मारियेला 'देवाची माता' म्हणून मान्यता दिली, त्यानंतर लगेचची. पाचव्या शतकातली मोझाइक चित्रं अजून तिथे आहेत. सोळाशे वर्षं होत आली, तरी!

मला सगळ्यात भावतो तो एक क्षण. आजच्या मिस्सात (प्रार्थनाविधीत) ग्लोरिया हे स्तुतिगीत सुरू होतं आणि त्या बर्फाची आठवण म्हणून सोनेरी छतातून पांढऱ्या पाकळ्या भिरभिरत खाली येतात. खांद्यांवर, केसांत, फरशीवर. माणसं माना वर करून तळहात पसरतात.

२०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांना इथेच दफन केलं गेलं. प्रत्येक परदेश दौऱ्याआधी आणि नंतर ते इथे प्रार्थनेला येत.

आणि हो, आपल्या गोव्यातही सासष्टीतल्या राय गावचं चर्च याच हिममातेचं, म्हणजे बर्फाच्या कथेतल्या मारियामातेचं. तिथे आज कणसांचं फेस्त असतं, भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद देतात. रोमला पाकळ्या, रायला लोंब्या!