भाषांचे भांडवल आणि परदेशातील नोकरी

"बी. ए. होऊन पुढे काय करणार?" हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला घरीदारी ऐकावा लागतो. अलीकडे त्यावर एक ठरावीक सल्ला मिळतो : एखादी परकीय भाषा शिका, परदेशात नोकरी हमखास! आपल्यापैकी बहुतेकांना मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषा कमीअधिक येतातच. त्यांत चौथीची भर घातली की नोकरी खरोखर पदरात पडते काय? मी जर्मन शिकत आहे. म्हणून जर्मनीचेच उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करतो.

जर्मनीत वृद्धांची संख्या वाढत आहे आणि काम करणारे हात कमी पडत आहेत. त्यामुळे भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे त्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. पण त्यात भर होता तो परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांवर. मग इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्याने काय करावे?

त्याच्यासाठी १ जून २०२४ पासून एक वाट खुली झाली आहे. तिचे नाव 'शांसेनकार्टे', म्हणजे संधीपत्र. हातात नोकरी नसताना जर्मनीत जाऊन एक वर्षापर्यंत ती शोधण्याची परवानगी या पत्राने मिळते. आपली पदवी जर्मनीत पूर्णपणे मान्य असेल, तर गुणांचा हिशेब करावा लागत नाही. विद्यापीठाचे व पदवीचे स्थान 'आनाबिन' या जर्मन सूचीत पाहता येते. पूर्ण मान्यता नसेल, तर पदवी निदान आपल्या देशात शासनमान्य हवी, प्राथमिक जर्मन किंवा बऱ्यापैकी इंग्रजी यावी आणि शिवाय किमान ६ गुण जमावेत.

भाषेचे मोल या गुणांत स्पष्ट दिसते. युरोपात भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानतात. जर्मन ए-२ पर्यंत येत असेल तर १ गुण, बी-१ ला २ आणि बी-२ किंवा त्यापुढे ३. इंग्रजी सी-१ दर्जाची असेल तर आणखी १. वय पस्तिशीच्या आत असल्यास २. आता बेरीज करून पाहा. बावीस वर्षांचा पदवीधर, इंग्रजी उत्तम, जर्मन ए-२ : एकूण ४. जर्मन बी-१ असेल तर ५. केवळ एका गुणाने दार बंद! बी-२ केले की बरोबर ६. बाकीचे गुण अनुभव, टंचाईचा व्यवसाय, जर्मनीतील पूर्वीचे वास्तव्य अशा बाबींचे असतात, आणि ते नुकत्याच पदवीधर झालेल्याकडे सहसा नसतात. तेव्हा त्याचे खरे भांडवल दोनच : तारुण्य आणि भाषा. त्यांतले पहिले आपोआप मिळते, दुसरे मात्र कमवावे लागते.

परंतु संधीपत्र म्हणजे नोकरी नव्हे. वर्षभराच्या खर्चाची तरतूद आधी दाखवावी लागते. २०२५ साली ही रक्कम दरमहा १,०९१ युरो होती, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो. तेथे आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येते. तरीही मध्यमवर्गीय घराला हा आकडा लहान नाही. कर्ज काढण्यापूर्वी घरच्यांसह बसून हा हिशेब मांडलाच पाहिजे.

शिवाय मालक गुण मोजत नाही, काम पाहतो. जर्मन तर तेथील प्रत्येकालाच येते. नुसत्या भाषेवर दुभाषा, अनुवादक, शिक्षक अशी मोजकीच कामे मिळतात. म्हणून भाषेला हिशेबलेखन, पर्यटन, संगणक यांपैकी एखाद्या कौशल्याची जोड हवी. येथे एक दिलासा आहे. मान्य पदवीधराने आपल्याच विषयातली नोकरी धरावी, ही अट नोव्हेंबर २०२३ पासून उरलेली नाही. मात्र काम पदवी वा प्रशिक्षण लागणारे असावे. डॉक्टरकीसारख्या परवान्याच्या व्यवसायांचे नियम वेगळे आहेत.

आपल्या मराठीला त्या हिशेबात एकही गुण नाही, हे खरे. पण घरी एक, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा बोलत वाढलेल्या मुलाला एका भाषेतून दुसरीत जाण्याची सवय असते. चौथी भाषा शिकताना ही सवय उपयोगी पडते. मराठी वाक्य नीट बांधता येणाऱ्याला जर्मन वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद फारसे बुजवीत नाही, हा माझा अनुभव आहे.

एक इशारा. 'नोकरी लावून देतो' म्हणणाऱ्या दलालाच्या हाती पैसे ठेवण्यापूर्वी, १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे की नाही ते पाहावे. नोंदणीकृत दलालालाही कर वगळता ३०,००० रुपयांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. संधीपत्राचा अर्ज तर आपला आपणच करता येतो. त्याला दलाल लागत नाही.

तेव्हा मित्रहो, 'भाषा शिका, नोकरी हमखास' हे विधान अर्धेच खरे आहे. ए-२ वर थांबणाऱ्याला परकीय भाषा केवळ प्रमाणपत्र देते. बी-२ गाठून हाती दुसरे एखादे कसब धरणाऱ्याला ती उपजीविका देऊ शकते. पदवीची तीन-चार वर्षे या दोन्ही गोष्टींना पुरेशी आहेत. मात्र आरंभ शेवटच्या वर्षी न करता पहिल्याच वर्षी केला पाहिजे.