डिझेलच्या वाटेत हवा

मोठ्या मैदानांवर, गोल्फच्या हिरवळीवर किंवा एखाद्या कारखान्याच्या आवारात वर बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र आपण पाहिले असेल. दिसायला छोट्या ट्रॅक्टरसारखे, पोटाखाली पाती फिरणारे. यातल्या मोठ्या यंत्रांना बहुधा डिझेल इंजिन असते आणि त्यांची एक ठरलेली तक्रार असते. सकाळी यंत्र सुरू होते, दहा-पंधरा मिनिटे झकास चालते, मग आवाज मंदावतो आणि इंजिन बंद. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मग कोणीतरी जाणता निदान करतो, ‘पंप गेला!’ पंप आणि नोझल उतरवून कॅलिब्रेशनला जातात, भलेमोठे बिल येते आणि यंत्र पुन्हा पंधराव्या मिनिटाला बसते. शेतातला डिझेल पंपसेट, पॉवर टिलर, सोसायटीचा जनरेटर यांच्या बाबतीतही हेच घडते. खरे तर डिझेलची वाट टाकीपासून तपासत यायला हवी आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायला हवा.

असे का, ते समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती दाबानेच तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडवला की ते पेटते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे यशस्वी झाले. गंमत म्हणजे त्या काळी हा फवारा दाबलेल्या हवेच्या झोतानेच उडवत. 1927मध्ये बॉश कंपनीचे इंधन-पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि नुसत्या डिझेलवर दाब देऊन फवारा मारण्याची पद्धत रुळली. तेव्हापासून डिझेलच्या नळीतली हवा इंजिनाची वैरीण झाली. डिझेल दाबून आकसत नाही म्हणावे इतके कमी आकसते. हवेचा बुडबुडा मात्र स्पंजासारखा दबतो. पंप दाब देतो, तो बुडबुडाच गिळतो आणि नोझल उघडतच नाही. आपले मिस्त्री याला ‘एअर धरली’ म्हणतात.

पहिला प्रश्न असा की, इंजिन कसे बंद पडते? आचके देत, हळूहळू की बटण दाबावे तसे झटकन? झटकन पडत असेल तर आधी विजेची बाजू पाहा. या यंत्रांच्या आसनाखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना चालक उठला, तर सोलेनॉइडमार्फत डिझेल तोडले जाते. हा स्विच गंजला किंवा वायर सैल झाली, तरी तसेच होते. स्विच बदलावा, तो कायमचा बाद करून ठेवणे म्हणजे फिरत्या पात्यांशी खेळ.

आचके देत बंद पडत असेल, तर टाकीकडे वळा. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. गवताचा भुसा आणि धूळ त्यात बसते. डिझेल खाली जाते, पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत निर्वात होतो आणि पुरवठा थांबतो. थोड्या वेळाने हवा हळूहळू झिरपते, म्हणून यंत्र पुन्हा सुरू होते. झाकण सैल करून यंत्र चालवून पाहा. बंद पडले नाही तर दुरुस्ती झाली, खर्च शून्य. तरीही पडले तर टाकीच्या तोंडाशी असलेली जाळी पाहा. तिथे कचरा येऊन चिकटतो आणि इंजिन थांबले की सुटून बाजूला होतो.

पुढे रबरी नळी. इथे भलेभले फसतात. टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या नळीला चीर पडली, तर डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही, कारण तिथे पंप ओढत असतो. डाग दिसत नाही. हवा मात्र आत जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी यंत्र सुरू व्हायला त्रास देते. यावर उपाय सोपा आहे. तेवढ्यापुरती डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे डोळ्यांनीच दिसतील.

मग फिल्टर आणि पाणी. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली की आतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते आणि तो बुळबुळीत थर फिल्टर बंद करतो. काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. पंपाच्या आतली फट काही मायक्रॉनचीच असते, माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. म्हणून फिल्टरवर काटकसर नको.

दोष दूर झाला की एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करा आणि फीड पंपाची कळ हाताने मारा. विजेचा पंप असेल तर नुसती चावी फिरवा. आधी फेस येईल, मग स्वच्छ धार. धार येत असतानाच स्क्रू आवळा. नंतर हेच पंपावरच्या स्क्रूला. नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल करण्याची वेळ आली, तर ते काम जाणत्याकडे द्या आणि कॉमन रेल इंजिनात तर तसे मुळीच करू नये. तिथला दाब वातावरणाच्या शंभरपटीहून खूप अधिक असतो. बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण बोट, प्रसंगी हात गमवावा लागू शकतो. गळती शोधायला पुठ्ठा धरावा, बोट कधीच नाही. धार लागलीच तर दुखत नसले तरी थेट इस्पितळ गाठावे.

एअर काढल्यावर इंजिन मिनिटभर अडखळते, मग लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार आली, तर हवा अजून शिरते आहे. पुन्हा नळी आणि क्लिपा पाहा. हवा नाही, पंपापर्यंत स्वच्छ डिझेल येते, सोलेनॉइडही उघडतो आणि तरीही स्टार्टर मारताना धुराड्यातून धुराचा मागमूस नाही, असे असेल तर मात्र पंप खुशाल कॅलिब्रेशनला पाठवावा.