काचतंतू नौका : देखभाल व दुरुस्ती
काचेच्या तंतूंचे थर पॉलिएस्टर रेझिनात भिजवून साच्यात एकमेकांवर बसविले असता तयार होणारी नौका. रूढ भाषेत तिला ‘फायबरची बोट’ म्हणतात. सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर तापोळा व बामणोली येथे अशा नौका चालतात. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी त्यांची गरज पूरकाळात भासते.

या नौकेचे कवच लाकडाप्रमाणे कुजत नाही व लोखंडाप्रमाणे गंजत नाही. त्यामुळे त्यास देखभाल लागत नाही असा समज आहे. तो खरा नाही. बाहेरील जेल लेप जेमतेम अर्धा मिमी. जाड असतो व त्यातून पाणी अतिशय मंद गतीने आत झिरपते. आतील सूक्ष्म पोकळ्यांत विद्राव्य द्रव्ये राहिलेली असल्यास तेथे संहत विद्राव बनतो, तर्षणाने आणखी पाणी ओढले जाते आणि पृष्ठावर फोड येतात. फोड उघडल्यास आंबट, उग्र वासाचा द्रव निघतो. बाहेरील पाणी जितके गोडे तितका तर्षण दाब अधिक. म्हणून समुद्रावरील नौकांपेक्षा जलाशयातील नौकांना हा विकार जडण्याचा संभव जास्त असतो.

उन्हाळ्यात शिवसागराची पातळी बरीच खाली जाते व मागे सरकणाऱ्या काठावरील दगडांवरून नौका ओढावी लागते. अशाने कण्याजवळील लेप घासला जाऊन तंतू उघडे पडतात आणि वातीप्रमाणे पाणी शोषू लागतात.

तपासणी करताना कवचावर लाकडी हातोडीने हलके ठोकत जातात. आवाज बद्द आल्यास थर सुटले आहेत असे समजावे. फोड घासून उघडल्यावर ते गोड्या पाण्याने वारंवार धुतात व कवच काही आठवडे वाळू देतात. ओल असताना वरून लांबी भरून रंग दिल्यास पाणी आतच कोंडते व केलेला खर्च वाया जातो. भेगेच्या कडा कवचाच्या जाडीच्या सु. बारा पट रुंदीपर्यंत उतरत्या घासून त्यांवर रेझिनात भिजविलेले काचतंतूंचे थर बसवितात व रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. जुन्या कवचास पॉलिएस्टरपेक्षा एपॉक्सी रेझीन अधिक घट्ट चिकटते. पॉलिएस्टर वापरल्यास प्रथम कोबाल्ट प्रवेगक रेझिनात पूर्ण मिसळून मगच पेरॉक्साइड (शेकडा १ ते २) घालावे. ही दोन द्रव्ये थेट एकत्र आल्यास स्फोट होतो. घासकामाच्या वेळी नाकातोंडावर मुखपट्टी आवश्यक असते.

ही कामे मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत उरकणे इष्ट असते. कृष्णेला २००५, २०१९ व २०२१ साली आलेले महापूर जुलै-ऑगस्टमधील होते. ऐन पुरात बाहेर काढलेल्या नौकेस भेग आढळली, तर दमट हवेत ती नीट सांधता येत नाही. यासाठी पुराकरिता राखलेली नौका छपराखाली, उन्हापासून दूर, पालथी ठेवतात व मेअखेर पाण्यात उतरवून पाहतात.